जीर्णोद्धार की नवी बांधणी?



बंगळूरला कब्बन उद्यानाच्या कडेला, विधानसौधाच्या समोर, तांबड्या रंगाची एक लांबलचक दुमजली इमारत उभी आहे. १८६८ साली ती बांधून पुरी झाली तेव्हा म्हैसूरच्या कारभाराची अठरा खाती तीत बसत, म्हणून लोक तिला ‘अठारा कचेरी’ म्हणू लागले. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ही इमारत पाडून तिच्या जागी नवी उठवावी असा विचार निघाला होता. नागरिकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि इमारत राहिली. नोकरीच्या निमित्ताने या शहरी आल्यापासून मी त्या रस्त्याने पुष्कळदा जातो, आणि जाताना मला एका निराळ्याच वास्तूविषयी चाललेला वाद आठवतो. ती वास्तू दगडविटांची नाही, आज्ञांच्या ओळींची आहे. आणि ती पाडावी की सावरावी याचा निकाल गेल्या पस्तीस वर्षांत लागलेला नाही.

मी संगणकशास्त्रज्ञ नव्हे. इतिहास विषय घेऊन मी एम.ए. झालो आणि सरकारी नस्त्यांत शिरलो. परंतु आज सरकारी नस्ती संगणकातच राहू लागली असल्यामुळे, ज्या यंत्रावर आपण लिहितो त्याच्या पोटात काय चालते याची थोडीबहुत चौकशी मला करावी लागली. त्या चौकशीतून जे समजले ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

संगणकाचे यंत्र विकत आणले म्हणजे लगेच त्यावर पत्र लिहिता येत नाही. पत्र लिहिण्याची आज्ञावली, हिशेबाची आज्ञावली, चित्रे दाखवणारी आज्ञावली अशी अनेक मंडळी एकाच यंत्रावर काम मागत असतात. स्मरणातील जागा कोणाला किती द्यावयाची, छपाईयंत्र आधी कोणाला, कोणाची नस्ती कोणी वाचावयाची, हे ठरवणारा कोणीतरी असावा लागतो. या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, म्हणतात. तिच्या अगदी आत जो भाग असतो, ज्याच्या परवानगीवाचून यंत्रातील पानही हलत नाही, त्याला कर्नेल किंवा आपण गाभा म्हणू. कचेरीतील कार्यालय-अधीक्षकाशी त्याची तुलना करावयास हरकत नाही. साहेब बदलतात, पण कामकाज अधीक्षकावाचून चालत नाही.

आता आपल्या गोष्टीकडे वळू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केले की, आपण एक संपूर्ण कार्यप्रणाली लिहिणार असून ती सर्वांना मुक्त राहील. मुक्त याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. तिच्यातील प्रत्येक ओळ वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याचा हक्क घेणाऱ्याला असावा, ही त्यामागील प्रतिज्ञा होती. या उपक्रमाचे नाव ‘ग्नू’. सात वर्षांत पुष्कळ सामग्री जमली. मजकूर लिहिण्याचे साधन झाले, माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणारा अनुवादक झाला. घराच्या भिंती, दारे, चूल, भांडी सारे तयार होते. राहिला होता तो गाभा. १९९० साली त्याचे काम हाती घेतले गेले आणि त्याला ‘हर्ड’ असे नाव मिळाले.

गाभा कसा असावा याविषयी दोन मते होती. जुन्या पद्धतीत गाभा म्हणजे एकच मोठा दिवाणखाना. नस्त्या सांभाळणारा, जावक पाहणारा, पैसे मोजणारा, सारे एकाच खोलीत बसलेले. हाक मारली की काम होते. पण एकाने दिवा उलथला तर सगळी खोली पेटते. नव्या पद्धतीत गाभा अगदी लहान, जवळजवळ टपाल पोचवणारा शिपाईच म्हणा ना, आणि प्रत्येक खात्याला वेगळी खोली. एका खोलीत आग लागली तर तेवढे दार बंद करावयाचे, बाकीचे काम चालू. हर्डने हा दुसरा मार्ग पत्करला आणि टपालाच्या कामासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला ‘माक’ नावाचा लहान गाभा निवडला.

कागदावर ही रचना फार देखणी आहे, आणि ज्यांनी तिचा आग्रह धरला त्यांना मी हसणार नाही. परंतु ज्याने सचिवालयात एक वर्ष काढले आहे त्याला तिची अडचण चटकन उमगेल. खोल्या वेगळ्या झाल्या म्हणजे प्रत्येक गोष्टीला टिपण आले, प्रत्येक टिपणाला जावक क्रमांक आला. जे काम हाकेवर होत असे त्यासाठी चार टपाले फिरू लागली. शिवाय एखादे काम अडकले तर ते नेमके कोणत्या खोलीत अडकले हे शोधणे महाकठीण. १९९६ साली हर्डची पहिली चाचणी-आवृत्ती बाहेर पडली. तोपर्यंत जग पुढे गेले होते.

कारण मध्यंतरी, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक गाभा लिहीत असल्याचे कळवले होते. त्याने जुनाच मार्ग घेतला, एकच दिवाणखाना. जानेवारी १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी त्याला जाहीरपणे सुनावले की, ही रचना कालबाह्य आहे आणि तू माझा विद्यार्थी असतास तर तुला या रचनेबद्दल चांगले गुण मिळाले नसते. प्राध्यापकांचा शास्त्रार्थ चुकीचा नव्हता. तरीही जे घडले ते असे की, स्टॉलमन यांच्या मंडळींनी बांधलेल्या घरात या विद्यार्थ्याचा गाभा बसवला गेला आणि लोक राहावयास आले. मार्च १९९४ मध्ये ‘लिनक्स’ची १.० ही आवृत्ती निघाली तेव्हा तीत सुमारे १ लाख ७६ हजार ओळी होत्या. २०२५ च्या आरंभी त्या ४ कोटींच्या घरात गेल्या. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र याच गाभ्यावर चालत आले आहे, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीच्या पोटातही तोच आहे.

मग हर्डवाल्यांनी काय करावे? येथे आजच्या भाषणाचा मुख्य प्रश्न येतो. दहा वर्षांचे काम झाले होते, पण निवडलेला ‘माक’ मंद होता. तेव्हा काहींनी म्हटले, पाया चुकला आहे, नवा पाया घालून पुन्हा लिहू. २००० नंतरच्या वर्षांत ‘एल-फोर’ नावाच्या अधिक चपळ गाभ्यावर हर्ड उभारण्याचा प्रयत्न सुरू झाला. २००५ मध्ये त्यावर पहिली लहानशी आज्ञावली चाललीही. पण जसजसे ते खोल गेले तसतसे त्यांच्या ध्यानात आले की, नुसता पाया बदलून भागत नाही. जुन्या खोल्यांचा आराखडाच जुन्या पायाच्या मापाने काढलेला आहे. मग तिसऱ्या पायाचा विचार, मग चौथ्याचा. २००७ साली या कामातील दोघा प्रमुखांनी हर्डच्या रचनेतील दोष दाखवणारा एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. निबंध उत्तम होता, परंतु नवे घर उभे राहिले नाही. जी थोडी माणसे मागे राहिली त्यांनी मुकाट्याने जुन्या ‘माक’वरच डागडुजी आरंभली.

आणि या उपेक्षित मंडळींविषयी मला आदर वाटतो. त्यांनी चुंबकीय तबक्यांशी बोलणाऱ्या आज्ञावल्या स्वतः लिहिण्याचा हट्ट सोडून ‘नेटबीएसडी’ या शेजारच्या मुक्त प्रणालीतून उसन्या घेतल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन संघाच्या साहाय्याने हर्डची जी आवृत्ती निघाली ती चौसष्ट बिटांच्या आधुनिक यंत्रांवर चालते, आणि डेबियनच्या भांडारातील दोन-तृतीयांशाहून अधिक आज्ञावल्या तिच्यावर तयार होतात. पस्तीस वर्षांनी का होईना, घर राहण्याजोगे होत आले आहे, आणि ते झाले आहे जुन्या पायावरच.

एवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढील की पुन्हा लिहिणे हेच पाप. तसेही नाही. पण त्या बाजूचे सांगण्यापूर्वी मला माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळे.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात आस्थापना शाखेचे काम पाहत होतो. तेथे वेतन आणि सेवानिवृत्ती यांची एक जुनी आज्ञावली होती. वीसएक वर्षांत सात-आठ जणांनी तिला ठिगळे लावलेली. नवा तरुण तंत्रज्ञ आला, त्याने ती वाचली आणि मला म्हणाला, ‘साहेब, ही दुरुस्त करण्यापेक्षा नवी लिहिणे सोपे.’ त्याने चार महिन्यांत सुबक, वेगवान आज्ञावली लिहून दाखवली. स्वीकृतीच्या टिपणावर सही माझी आहे. जुन्या आज्ञावलीत एक एकाकी ओळ होती: जन्मदिनांक महिन्याची एक तारीख असेल तर महिना एकाने कमी धरावा. तिच्याजवळ खुलासा लिहिलेला नव्हता. तरुणाला ती कोणाची तरी चूक वाटली. त्याने ती नव्या प्रतीत घेतली नाही.

श्रोत्यांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांच्या ध्यानी आलेच असेल. कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो निवृत्त होतो. मात्र ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस. आणि आपल्याकडे एक तारखेला जन्मलेले किती! खेड्यातील मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नाही अशा प्रत्येक मुलाला १ जून ही तारीख बहाल केलेली. त्या साली आमच्या कार्यालयातील चौघे असे ‘एक जून’वाले होते. ३१ मे रोजी त्यांना निरोप द्यावयाचा तो यंत्राने दिला नाही, आम्हीही यंत्राच्या यादीपलीकडे पाहिले नाही. चौघांनी जूनभर काम केले आणि पगार घेतला. लेखापरीक्षणात आक्षेप आला, वसुलीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांचे निवृत्तिवेतन पाच महिने अडकले. त्यांपैकी एक शिपाई रोज अकरा वाजता येऊन माझ्या खोलीबाहेरील बाकावर बसे. तो काही बोलत नसे. इतकी वर्षे ज्या बाकावर तो माझ्या हाकेची वाट पाहत बसला, त्याच बाकावर आता तो स्वतःच्या कामासाठी बसलेला होता.

जुन्या आज्ञावलीत जे ठिगळ दिसते ते पुष्कळदा कोणा तरी माणसाच्या अडचणीला दिलेले उत्तर असते, हे त्या बाकाकडे पाहून मला कळले. ते उत्तर लिहिणारा गेलेला असतो, प्रश्न कोणी नोंदवलेला नसतो. उरते ती एक विचित्र ओळ. चार कोटी ओळींच्या प्रणालीत अशा किती ओळी असतील याचा विचार करावा.

व्यापारी जगातही हा धडा महागात पडलेला आहे. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपले प्रसिद्ध न्याहाळक-साधन जगाला खुले केले आणि थोड्याच महिन्यांत जुनी संहिता टाकून नवी लिहिण्याचे ठरवले. पुढची आवृत्ती बाजारात येण्यास नोव्हेंबर २००० उजाडला. तोवर मायक्रोसॉफ्टच्या न्याहाळकाने बाजार जिंकला होता. मात्र याच कथेचा उत्तरार्ध बहुधा सांगितला जात नाही. त्या नव्या संहितेतूनच २००४ च्या नोव्हेंबरात ‘फायरफॉक्स’ जन्माला आला आणि लाखो लोकांना त्याने मोकळा पर्याय दिला. कंपनी बुडाली; काम तरले. मुक्त संहितेचा हा विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ॲपल कंपनीची गोष्ट आणखी मौजेची. तिची जुनी कार्यप्रणाली खरोखरच थकली होती. एक आज्ञावली कोसळली की सारे यंत्र कोसळे. तिने आपल्या घरात नवी लिहिण्याचा मोठा उद्योग केला आणि १९९६ साली तो सोडून दिला. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने नेक्स्ट या दुसऱ्या कंपनीला विकत घेण्याचे ठरवले आणि तिच्या आयत्या प्रणालीवर २००१ साली आपली नवी प्रणाली उभी केली. त्या प्रणालीच्या गाभ्यात काय होते? तोच ‘माक’! पण त्यातल्या खोल्यांच्या भिंती पाडून त्यांनी पुन्हा एक दिवाणखाना केला होता. म्हणजे ज्या दगडाने हर्डची नाव बुडवली असे म्हणतात, त्याच दगडावर दुसऱ्याने वाडा बांधला. दोष दगडाचा होता काय, असे आता विचारता येईल.

तेव्हा पुन्हा लिहावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. पण कोणता भाग पुन्हा लिहावयाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लिनक्सचा गाभा ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे. त्या भाषेत स्मरणातील जागा चुकून दोनदा परत करणे, मर्यादेबाहेर लिहिणे अशा चुका सहज होतात आणि चोरांना त्यांतून वाट मिळते. ‘रस्ट’ ही नवी भाषा अशा बहुतेक चुका लिहितानाच पकडते. म्हणून सर्व गाभा रस्टमध्ये पुन्हा लिहावा, असे उत्साही तरुण म्हणतात. लिनक्सच्या चालकांनी तसे केले नाही. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीत त्यांनी रस्टला फक्त दार उघडून दिले: नवीन भाग हवा तर या भाषेत लिहा, जुने उभे आहे तोवर राहू द्या. यावरही कडाक्याची भांडणे झाली. दोन भाषा सांभाळणार कोण, हा जुन्या कारभाऱ्यांचा प्रश्न वाजवी आहे. परंतु बिऱ्हाड न हलवता एकेक वासा बदलण्याची ही रीत मला पटते.

आपल्या परंपरेत याचे एक थोर उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांपुढे ज्ञानेश्वरीच्या पाठांतरांनी आणि लेखकांच्या हातांनी अशुद्ध झालेल्या प्रती होत्या. त्यांच्याइतक्या समर्थ कवीला तो ग्रंथ आपल्या काळच्या मराठीत नव्याने रचणे अवघड नव्हते. त्यांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावले की, यात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतःचे जे सांगावयाचे होते ते त्यांनी भागवतात वेगळे सांगितले.

आता हा प्रश्न आपल्या देशात, आणि याच बंगळूर शहरात, कसा आला ते सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे तत्कालीन प्रमुख डॉ. सारस्वत यांनी जाहीर केले की, परक्या कार्यप्रणालीवर विसंबणे देशाच्या सुरक्षिततेला घातक असल्यामुळे भारत आपली स्वतःची कार्यप्रणाली लिहील. त्यासाठी बंगळूर आणि दिल्ली येथे दोन केंद्रे, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे पंचवीस तज्ज्ञ. भीती खरी होती. ज्या प्रणालीची संहिता आपल्याला वाचावयास मिळत नाही ती आपली गुपिते कोणाला सांगते, हे कसे कळणार?

पण त्या भीतीवर उपाय दोन होते. एक, सगळे नव्याने लिहावयाचे आणि आपल्याच पेटीत ठेवावयाचे. दुसरा, जे जगापुढे उघडे आहे ते घेऊन ओळीओळीने तपासावयाचे. दुसरा मार्ग आपल्याकडे अगोदरच सुरू झालेला होता. सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या पायावर भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार करून २००७ साली प्रसिद्ध केली होती. २०१५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने शासकीय कामकाजात मुक्त संहितेला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांत आले की, संरक्षण मंत्रालयातील संगणकांवर ‘माया’ नावाची प्रणाली बसवली जात आहे. ती उभी होती ‘उबुंटू’ या मुक्त प्रणालीच्या पायावर, म्हणजे पुन्हा लिनक्सवरच. तेरा वर्षांत भाषा बदलली. यात कोणी हार मानली असे मला वाटत नाही. शहाणपण आले असे वाटते.

कारण पन्नास तज्ज्ञांनी प्रणाली लिहिली तरी ती जन्मभर सांभाळणार कोण? नवी छपाईयंत्रे येतील, नव्या तबक्या येतील, दर आठवड्याला नवा चोर येईल. लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीला हजारांहून अधिक माणसांचे हात लागतात. शिवाय स्वतः लिहिले म्हणजे निर्धास्त झालो, हाही भ्रमच. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात दाखवून दिले की, संहिता स्वच्छ असली तरी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादकच लबाड असेल तर तो तीत चोरदार घालू शकतो. मग अनुवादकही आपला, यंत्रातील चकतीही आपली. या साखळीला अंत कोठे? जेथे सर्वांना वाचता येते तेथे निदान लबाडी पकडली जाण्याचा संभव अधिक.

आणखी एक अडचण तर खास आपणा मराठी माणसांना जाणवणारी आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंत र आणि य तेच. पण एकात रफार वर चढतो, दुसऱ्यात अर्धा र अक्षराच्या डावीकडे आडवा निजतो. प्रमाण हिंदीला या दुसऱ्या र-ची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी येते असे सांगणाऱ्या यंत्रांनी आपल्या दऱ्यांत पुष्कळ वर्षे समुद्र भरला आहे. आज मुक्त प्रणालींत हे अक्षर नीट उमटते, कारण कोणी तरी ती चूक पाहिली, कळवली, आणि कोणी तरी एक ओळ लिहिली. ही ओळ गाभ्यात नसते, अक्षरे जुळवणाऱ्या वरच्या थरात असते. म्हणून गाभा बदलला तर ती टिकेल, पण सारेच नव्याने लिहू म्हटले तर ती पुन्हा कोणाला तरी आठवावी लागेल. आठवणारा मराठी असेलच असे नाही.

म्हणून आमच्या कचेरीत नवे यंत्र किंवा नवी आज्ञावली आली की मी दोन गोष्टी करून पाहतो. कोऱ्या पानावर आधी ‘दर्या’ आणि मग ‘दऱ्या’ लिहितो. नंतर सेवानिवृत्तीच्या तक्त्यात एका काल्पनिक कर्मचाऱ्याचे नाव घालून त्याची जन्मतारीख लिहितो: १ जून.